कमानीवरचं नाव, कागदावरचं नाव

शौर्यपदक मिळवून सुट्टीवर आलेल्या जवानाचं स्वागत कसं करायचं हे सीमाभागात तोंडपाठ आहे. बेळगाव स्टेशनवर हार, उघडी जीप, ढोल-ताशा, वेशीत औक्षण, मारुतीच्या देवळापुढे सत्कार. फ्लेक्सवर जवानापेक्षा शुभेच्छुकांचे चेहरे जास्त. पुढं वर्षा-दोन वर्षांत कमानीची वर्गणी सुरू होते आणि कमानीवरची पाटी मराठीत, कन्नडमध्ये की दोन्हींत, यावरून गाव तापतं. पाटी लागते किंवा उतरते, आणि त्या माणसाचा विषय तिथं संपतो. नंतर तोच माणूस किंवा त्याची बायको नाडकचेरी (कर्नाटकातलं स्थानिक महसूल कार्यालय), सैनिक कल्याण कार्यालय आणि रेकॉर्ड ऑफिस (जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारं लष्करी कार्यालय) यांच्या फेऱ्या मारत असते. त्या फेऱ्यांत सोबत जायला कमान समितीतला कुणी नसतो.

आमचं म्हणणं असं की सीमाभागातल्या पदकप्राप्त सैनिकाचा सन्मान दोन कागदांवर ठरतो. एक, त्यानं काय केलं हे सांगणारं सायटेशन. दोन, त्याच्या हक्काची नोंद असलेली सेवेची आणि पेन्शनची कागदपत्रं. पहिला कागद गावानं कधी वाचलेला नसतो. दुसरा सरकारी खात्यांत अडलेला असतो.

पहिल्याची अवस्था बघू. छातीवर सात-आठ पदकं लावलेला निवृत्त सुभेदार दिसला की फ्लेक्सवर ‘शौर्यपदक विजेते’ असं छापून टाकायची आपल्याकडं सवय आहे. त्या पदकांत बरीचशी सेवेची असतात: ९, २० आणि ३० वर्षांच्या सेवेची, सियाचीनसारख्या ठिकाणच्या तैनातीची, स्वातंत्र्याच्या ५०व्या किंवा ७५व्या वर्षानिमित्त त्या वेळी नोकरीत असलेल्या सगळ्यांना मिळालेली. ती मानाचीच आहेत. सियाचीनमध्ये तीन महिने काढणं चेष्टा नव्हे. पण शौर्याची पदकं वेगळी आणि मोजकी. शत्रूसमोरच्या शौर्यासाठी परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र. ही तिन्ही २६ जानेवारी १९५०ला सुरू झाली आणि १५ ऑगस्ट १९४७पासून लागू धरली गेली. प्रत्यक्ष युद्धाबाहेरच्या शौर्यासाठी अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र. १९५२ साली ती अशोक चक्राचे तीन वर्ग म्हणून आली, आजची नावं १९६७ची. काश्मीरमधल्या चकमकींत मराठा पलटणींना आणि त्यांच्याशी जोडलेल्या राष्ट्रीय रायफल्सना मिळणारी बरीच पदकं या दुसऱ्या रांगेतली. त्यांना ‘शांतताकाळातली’ म्हणतात. गोळीला अर्थात काळ कळत नाही. याखेरीज सेना मेडल. ते शौर्यासाठी मिळतं आणि विशेष सेवेसाठीही मिळतं. हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण पुढं पैसा त्यावरच अडतो.

पदकाची शिफारस पलटणीचा कमांडिंग ऑफिसर करतो. सोबत घटनेचा अहवाल आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्यांचे जबाब. मग ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड, सेना मुख्यालय, संरक्षण मंत्रालयातली समिती आणि शेवटी राष्ट्रपतींची मंजुरी. प्रत्येक पायरीवर शिफारस खालच्या पदकावर उतरू शकते किंवा गळू शकते. ज्याचं शौर्य पाहणारा कुणी जिवंत राहिला नाही त्याचं सायटेशन लिहिताच येत नाही. म्हणून पदक न मिळालेला कमी शूर ठरत नाही. उलट, पदक मिळालेल्याच्या कागदातली तारीख, ठिकाण, हत्यार, अंतर, सगळं साक्षीनं तावून आलेलं असतं. एवढा तपासलेला मजकूर गावच्या इतिहासात दुसरा सापडणार नाही, आणि कमानीवर त्यातली एक ओळ नसते.

मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोन व्हिक्टोरिया क्रॉसची, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च शौर्यपदकाची, सायटेशन्स नमुना म्हणून घ्या. ही माणसं बेळगावची नव्हेत. यशवंत घाडगे कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडच्या माणगाव तालुक्यातले, आणि नामदेव जाधव नगर जिल्ह्यातले. पण रेजिमेंटचं घर बेळगावचं मराठा सेंटर. १० जुलै १९४४, इटलीतल्या टायबर नदीचं वरचं खोरं. जवळून सुटलेल्या मशिनगनच्या माऱ्यात घाडगेंच्या सेक्शनमध्ये, म्हणजे त्यांच्या छोट्या तुकडीत, त्यांच्याखेरीज उभा राहू शकणारा कुणी उरला नाही. ते एकटे धावले, ग्रेनेडनं मशिनगन आणि ती चालवणारा संपवला, टॉमी गननं आणखी एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. उरलेल्या दोघांना त्यांनी बंदूक नळीकडून धरून झोडपून मारलं, आणि स्नायपरच्या गोळ्यांनी जिंकलेल्या खंदकातच कोसळले. नामदेव जाधव कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे शिपाई. ९ एप्रिल १९४५ला सेनिओ नदीवर त्यांनी दोन जखमींना खोल पाण्यातून, चढ्या काठावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून एकेक करून मागे आणलं. मग परत जाऊन तीन मशिनगन ठाणी बंद पाडली. हाताला गोळी लागून बंदूक चालेना तेव्हा ती टाकून ग्रेनेड काढले. शेवटी काठावर चढून मराठ्यांची रणगर्जना देत बाकीच्यांना पुढं बोलावलं.

हे वाचल्यावर कळतं की शौर्य म्हणजे ‘छातीवर गोळ्या झेलणं’ हे भाषणातलं वाक्य किती पोकळ आहे. घाडगेंच्या हातात रिकामं मॅगझिन होतं, जाधवांना निकामी हाताचं काय करायचं ते ठरवायचं होतं. त्या क्षणाला दोघांनी काम थांबवलं नाही. भरतीची तयारी म्हणून पहाटे सोळाशे मीटर पळणाऱ्या उचगाव-कडोलीच्या पोरांना हा तपशील सांगायला हवा. सीमाभागातल्या मराठी शाळांत तो मिळत नाही.

कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे हे दुसरं उदाहरण, आणि ते आपल्या भांडणावर नेमकं बोट ठेवतं. लष्कराच्या इंजिनिअर दलातल्या बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट. एप्रिल १९४८मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढून त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. पहिल्याच दिवशी, ८ एप्रिलला, तोफगोळ्यांच्या माऱ्यात ते स्वतः जखमी झाले, तरी काम पुढचे तीन दिवस चाललं. परमवीर चक्र. जन्म झाला तेव्हा कारवार मुंबई इलाख्यात होतं, आज कर्नाटकात आहे. राणे १९९४मध्ये वारले ते पुण्यात. त्यांना मराठी, कन्नड की कोकणी म्हणायचं हा प्रश्न सायटेशनला पडलेला नाही. कारवारच्या किनाऱ्यावर युद्धनौका संग्रहालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे. तो बघायला जाणाऱ्या किती बेळगावकरांना सुरुंगांची ती गोष्ट सांगता येते?

आता दुसरा कागद. इथं जरा रेंगाळावं लागेल.

शौर्यपदकासोबत दरमहा भत्ता असतो. १ ऑगस्ट २०१७पासून तो दुप्पट झाला तेव्हाचे दर असे होते: परमवीर चक्राला २०,००० रुपये, अशोक चक्राला १२,०००, महावीर चक्राला १०,०००, कीर्ती चक्राला ९,०००, वीर चक्राला ७,०००, शौर्य चक्राला ६,००० आणि शौर्यासाठीच्या सेना मेडलला २,०००. तो घोषणेच्या तारखेपासून नव्हे, शौर्य गाजवलं त्या तारखेपासून मोजतात. दोन्हींत वर्ष-दीड वर्षाचं अंतर सहज पडतं, म्हणून थकबाकी मिळाली की नाही हे बघावं. नोकरीत असताना भत्ता पगारात येतो. निवृत्तीनंतर तो पेन्शनच्या आदेशात, म्हणजे पीपीओत चढलेला असावा लागतो. इथं पहिली गळती. पीपीओत नोंद नसेल तर बँक किंवा संरक्षण खात्याचं पेन्शनचं ‘स्पर्श’ पोर्टल पैसे देणार नाही, आणि जवानाला वाटतं की निवृत्त झाल्यावर भत्ता बंदच होतो. दुसरी गळती सेना मेडलची. कागदावर नुसतं ‘सेना मेडल’ असेल आणि ‘शौर्य’ हा शब्द नसेल तर कारकून विशेष सेवेचं समजून बाजूला ठेवतो. राजपत्राची प्रत आणि पलटणीची पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या सेवेतल्या आणि कुटुंबातल्या बदलांची अधिकृत नोंद), दोन्हींत तो शब्द आहे का हे नोकरीत असतानाच तपासावं. तिसरी गळती विधवेच्या बाबतीत. पुनर्विवाह केला की भत्ता बंद, दिराशी केला तर चालू, अशी अट पूर्वी होती. २०१७च्या नोव्हेंबरात ती काढली गेली. पण जुनी अट गावात अजून फिरते आणि सासरचे ती ऐकवतात.

खरा घोळ नावांचा. मराठा रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे, ही सीमाभागातल्या लोकांची मोठी सोय. तरी सगळ्यात जास्त अर्ज नावावरून परत येतात. कारण साधं आहे. भरतीच्या वेळी हवालदारानं ऐकून इंग्रजीत लिहिलेलं नाव वेगळं, शाळेच्या मराठी दाखल्यावरचं वेगळं, आणि कन्नड उताऱ्यावरचं तिसरंच. परशराम, परशुराम, पर्शराम ही एकाच माणसाची तीन नावं होतात. कर्नाटकी पद्धतीनं आधार कार्डावर वडिलांच्या नावाचं आद्याक्षर पुढं येतं आणि आडनाव गायब होतं. बायकोचं तर विचारूच नका. आपल्याकडं लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहितात. घरात तेच चालतं आणि जवान सुट्टीहून परतल्यावर पलटणीत तेच सांगतो. मग पार्ट टू ऑर्डर निघते ‘सुजाता’ नावानं, तर आधार, बँक आणि मतदार यादीत ती माहेरची ‘लक्ष्मी’च असते. नवरा जिवंत असेतो काही बिघडत नाही. तो गेल्यावर सुजाता आणि लक्ष्मी एकच, हे सिद्ध करायची वेळ त्या बाईवर येते, तेही तेराव्याच्या आत कुणीतरी कागद मागत असताना.

हे दुरुस्त करता येतं, पण क्रम चुकवू नये. आधी आधार आणि बँकेतलं नाव एकसारखं करावं. मग दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं, त्यात जवानाचा सेवा क्रमांक घालायला विसरू नये. वर्तमानपत्रात जाहिरात लागते; ती एक इंग्रजी आणि एक स्थानिक भाषेतल्या पत्रात दिली की नंतर कुणी शंका काढत नाही. हे सगळं जवान नोकरीत असेल तर पलटणीमार्फत आणि निवृत्त असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या शिफारशीसह रेकॉर्ड ऑफिसला जातं. तिथून नोंद बदलली की प्रयागराजच्या पेन्शन लेखा कार्यालयाकडून दुरुस्तीचा पीपीओ निघतो. हा शेवटचा कागद हातात पडेपर्यंत काम झालं असं समजू नये. नोंद रेकॉर्डमध्ये बदलली आणि पीपीओत जुनीच राहिली, असं वारंवार होतं. डिस्चार्ज बुकच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स घरात दोन ठिकाणी ठेवावी. मूळ पुस्तक पावसाळ्यात पत्र्याच्या ट्रंकेत भिजलेलं आम्ही कितीदा तरी बघितलंय.

आता राज्यांचा भाग. केंद्राचा भत्ता सगळ्यांना सारखा, पण राज्य सरकारं पदकाबद्दल जी एकरकमी रक्कम देतात ती राज्याराज्यांत वेगळी असते, फरक कोटींच्या घरात जातो. ती कुठल्या राज्यानं द्यायची हे बहुतेक ठिकाणी भरतीवेळच्या कायमच्या पत्त्यावर ठरतं. सीमाभागात हा नियम कसा फिरतो बघा. १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूरला जोडला गेला. वेंगुर्ला रस्त्यावर बाची कर्नाटकात, लागून असलेलं शिनोळी महाराष्ट्रात. दोन्ही गावांची पोरं एकाच बटालियनीत, एकाच चकमकीत असू शकतात. शिनोळीच्या माजी सैनिकाला २०२०पासून महाराष्ट्राच्या योजनेत घरपट्टी माफ. बाचीच्याला ती योजना लागू नाही. उलट्या बाजूनंही काही सवलती असतील. भरती बेळगावच्या कार्यालयातून की कोल्हापूरच्या, यावर जिल्हा ठरतो. म्हणून जागा जास्त असतील तिकडं मामाचा पत्ता देऊन उभं राहिलेली पोरं आहेत. त्या वेळी तो शहाणपणा वाटतो. पुढं पदक मिळालं की एक राज्य म्हणतं जमीन तिकडं आहे, दुसरं म्हणतं भरती इकडची नाही.

म्हणून आमची ठाम मागणी अशी की पदकाची एकरकमी रक्कम केंद्रानंच एका दरानं द्यावी, राज्यांनी वर काय द्यायचं ते आपल्या खुशीनं द्यावं. पंजाब-हरियाणासारखी राज्यं हे सहजी मानणार नाहीत, कारण त्यांच्या मोठ्या रकमा हा तिथल्या राजकारणाचा भाग आहे, आणि आपल्या तिजोरीतून कुणाचा किती गौरव करावा हा राज्याचा अधिकार आहे हेही खरं. पण पदक राष्ट्रपती देतात, लढाई कुठल्याही राज्याची नसते. किमान रक्कम सारखी असायला या दोन गोष्टी पुरेशा आहेत.

महाराष्ट्राला कर्नाटकातली ८६५ गावं हवी आहेत, २००४पासून सर्वोच्च न्यायालयात दावा आहे, डिसेंबर २०२२मध्ये दोन्ही विधिमंडळांनी ठराव केले. दावा चालेल तितका चालो. त्या गावांतल्या पदकप्राप्त सैनिकांची आणि वीरपत्नींची एक साधी यादी मात्र दोन्ही राज्यांनी मिळून ठेवायला कुणाची हरकत असावी? ठरावाला एक दिवस लागतो. यादीला कारकून, रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार आणि गावागावांत फिरणारं माणूस लागतं, म्हणून ती होत नाही.

भाषेचं टाळून चालणार नाही. ‘तुम्ही कागदांचं बोलता, पण पाटीचा प्रश्न अस्मितेचा आहे,’ असं आम्हाला ऐकवलं जातं. आहेच. मराठी गावाच्या वेशीत मराठी जवानाचं नाव मराठीत असावं यात वावगं काही नाही. पण नाडकचेरीतला अर्ज कन्नडमध्येच हवा म्हणून म्हातारीला परत पाठवलं जातं तेव्हा ही अस्मिता कुठं असते? राज्यघटनेच्या ३५०व्या कलमानुसार तक्रार-निवारणासाठीचं निवेदन केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतं. हे कलम तोंडी सांगण्यापेक्षा अर्जाच्या पहिल्या ओळीत लिहावं आणि पोच घ्यावी. आणि हेही मान्य करावं की सोपं कन्नड वाचता येणारा एक मुलगा गावात असला तर निम्म्या फेऱ्या वाचतात. त्याला भाषाद्रोही ठरवणाऱ्यांनी मग त्या फेऱ्या स्वतः माराव्यात.

‘शूराला पैशांत मोजू नका,’ हा आणखी एक आक्षेप, बहुधा ज्याला पेन्शनवर घर चालवायचं नाही त्याचा. साधा शिपाई चाळिशीच्या आसपास घरी येतो. पुढं बँकेत किंवा कारखान्याच्या गेटवर वॉचमनची नोकरी. राष्ट्रीय महामार्गावर परमवीर ते शौर्य चक्रापर्यंतच्या सहाही पदकधारकांना टोल माफ आहे. पण कोगनोळी किंवा हत्तरगीच्या नाक्यावर नुसतं ओळखपत्र दाखवून भागत नाही. गाडीवर सवलतीचा वेगळा फास्टॅग आधी काढून घेतलेला नसेल तर मागे हॉर्न वाजू लागतात आणि माणूस लाजेनं पैसे भरतो. सेना मेडलधारक या यादीत नाहीत. हे सांगणारं कुणी नसल्यानं ते उगीच अपमान करून घेतात. पदकानंतरच्या तीस-चाळीस वर्षांच्या आयुष्यात सन्मान भेटतो तो अशा खिडक्यांवर, आणि तिथं तो मिळत नसेल तर पैशाचीच भाषा बोलावी लागते.

मरणोत्तर पदकाच्या घरी आपण निदान वर्षातून एकदा, १५ ऑगस्टला, जातो. जिवंत पदकधारकाकडं तेवढंही नाही. १९७१च्या युद्धात, आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरला, जंगी पलटणीबरोबर (मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन) असलेले विशीतले जवान आज पंच्याहत्तरी ओलांडून गेले आहेत. त्यांच्याकडून ऐकून, ध्वनिमुद्रण करून, सायटेशनशी ताडून ठेवायला फार वर्षं उरलेली नाहीत. २०२२पासूनच्या अग्निवीरांची अडचण वेगळी. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला पदक मिळू शकतं, पेन्शन नाही. म्हणजे त्याचे कागद तर आणखी काटेकोर जपावे लागतील.

पदकांच्या याद्या २५ जानेवारी आणि १४ ऑगस्टला संध्याकाळी जाहीर होतात. यादीत आपल्या पंचक्रोशीतलं नाव दिसलं की युवक मंडळानं जीपच्या आधी पुढची कामं उरकावीत. राजपत्रातली नोंद आणि सायटेशन उतरवून घ्यावं. संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर सायटेशनं असतात, तिथं नसेल तर माहिती अधिकारात मागावं. मजकुराचा मराठी आणि कन्नड तर्जुमा करून तो ग्रामपंचायतीत आणि दोन्ही माध्यमांच्या शाळांत लावावा. व्यासपीठावरून मंत्री किंवा आमदारांनी रक्कम, भूखंड, नोकरी जे काही जाहीर केलं त्याची तारीख लिहून ठेवावी आणि महिनाभरात आदेश क्रमांक मागणारं पत्र स्पीड पोस्टानं पाठवावं. आदेश क्रमांक नसलेली घोषणा कुठल्याही तिजोरीत चालत नाही. आणि जवान सुट्टीवर घरी आहे तोवर त्याच्या बायकोचं आणि आईवडिलांचं नाव पार्ट टू ऑर्डरमध्ये कसं लिहिलंय ते आधारशेजारी ठेवून अक्षरन् अक्षर जुळवून बघावं.